किनाऱ्यावरचे हात

आमच्या हेडमास्तरांकडे सायकल होती आणि ती चालवता येईल असा रस्ता गावात नव्हता. चौलच्या अलीकडचं आमचं गाव म्हणजे एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे सगळी पुळण. पुळणीत सायकलचं चाक रुततं. तरी मास्तर रोज सकाळी ती सायकल हाताने ढकलत शाळेत आणत, भिंतीला टेकवून ठेवत आणि संध्याकाळी तशीच ढकलत घरी नेत. पावसात घोंगडी सायकलवर असे आणि मास्तर भिजत असत. कुणी विचारलंच तर म्हणत, रस्ता आज ना उद्या होईल, तेव्हा सायकल शोधत फिरू का?

मी त्यांच्या हाताखालचा दुसरा मास्तर. शाळा दोन मास्तरांचीच होती. आम्ही राहतही होतो एकाच घरात, एका वाडीतल्या दोन खोल्यांत. ते घाटावरचे, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. इतकी वर्षं समुद्राकाठी काढून त्यांनी पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. होडी नुसती हलताना पाहिली तरी त्यांच्या पोटात ढवळे. मुंबईला जायचं झालं तर लोक रेवसला जाऊन लाँच धरत. मास्तर मुंबईला जातच नसत.

जीव मात्र यंत्रावर. शाळेच्या घड्याळाला चावी ते स्वतः देत, आणि देताना वर्गात कुणी खोकलेलं त्यांना चालत नसे. रविवारी सकाळी घरातला स्टो उघडून त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडत, पुसत, पुन्हा जोडत. तोवर माझ्या पोटात कावळे ओरडत असत. स्टो पेटला की कान तिरका करून ऐकत आणि म्हणत, "ऐका. यंत्र कधी खोटं बोलत नाही. माणसासारखं नाही ते." मी उपाशी माणूस, मला त्या स्टोचं खरंखोटं काय कळणार. मी मान हलवायचो आणि भाताकडे बघायचो.

त्यांचं दुसरं वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं. "आधी समजून घ्या, मग धावा." एकदा वर्गात साप निघाला. पोरं बाकांवर, मी खिडकीत. मास्तर जागचे हलले नाहीत. डोकं कसं आहे, खवले कसे आहेत, हे सांगत राहिले, आणि साप त्यांच्या वहाणेला घासून निघून गेला. धामण होती. आणखी एकदा कोळीवाड्यात पेंढ्याची गंजी पेटली. लोक घागरी घेऊन आगीवर धावले. मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं, वारा कुठून आहे ते दाखवलं आणि पाणी गंजीवर न टाकता शेजारच्या झोपडीच्या शाकारलेल्या छपरावर टाकायला लावलं. गंजी गेली, झोपडी वाचली. तेव्हापासून मास्तर बोलायला लागले की गाव ऐकत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणायला लागले की आम्ही एका वेड्याचं ऐकलं. ते वेडे नव्हते. तोवर ते दर वेळी बरोबर ठरले होते.

त्यांच्या ओळखीचं कुणी मुंबईहून इंग्रजी मासिकांचे जुने अंक पाठवत असे. त्यातली चित्रं कापून, खळ लावून, ते वर्गाच्या भिंतीवर चिकटवत. आगगाडीचं इंजिन, पाणबुडी, छापखाना. नकाशाच्या शेजारी मानाच्या जागी एक विमान होतं. त्याला चाकांच्या जागी दोन लांबट होड्या होत्या आणि ते पाण्यावर बसलेलं होतं. पोरं त्याला उडती होडी म्हणत. मास्तर त्या चित्रापुढे उभे राहिले की मराठीचा तास संपला असं समजावं. हे पाण्यावर उतरतं कसं, उतरण्याआधी इंजिन बंद कसं करतात, बगळ्यासारखं अलगद टेकतं कसं, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की पहिलीतलं पोरगंही ते म्हणून दाखवी. विमान त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

श्रावण होता. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. पाऊस उघडला होता, समुद्रही बराच निवळला होता. पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी होडी लोटत नाही. सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या होत्या, वल्ही घराघरांत माळ्यावर होती. मास्तर दर वर्षी धर्मा तांडेलाला विचारत, पौर्णिमा आली हे समुद्राला कसं कळतं? धर्मा म्हणजे कोळीवाड्यातला शहाणा माणूस, मोठ्या होडीचा मालक. तो हसून म्हणे, "त्याला कलतं, मास्तर. तुमाला न्हाय कलत."

त्या दिवशी दुपारी कोरलईच्या डोंगराच्या बाजूने आवाज आला. मास्तरांनी खडू टाकला. "इंजिन!" म्हणाले, आणि सगळी शाळा घेऊन पुळणीवर धावत सुटले. मी मागे. कोळीवाड्यातल्या बायका, म्हातारे, जाळी विणत बसलेले गडी, सगळे बाहेर आले. विमान येताना दिसलं. त्याच्या पायांना दोन होड्या होत्या. पोरांनी एकच गलका केला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं.

मग आवाज थांबला. एकदम सगळं गप्प झालं आणि विमान खाली येऊ लागलं. लोक घाबरले. कुणी तरी म्हणालं, पडलं, पडलं. धर्मा पुढे आला.

"मास्तर, हे पडलं म्हनायचं का बसलं?"

"बसलं," मास्तर म्हणाले. "इंजिन बंद केलंय त्यांनी. उतरताना बंदच करतात. आधी समजून घ्या."

विमान पाण्यावर आपटलं, उसळलं आणि थांबलं. अगदी चित्रातल्यासारखं. फार लांब नव्हतं. पट्टीचा पोहणारा तिथून किनाऱ्याला लागला असता. धर्माने एकदा झाकलेल्या होड्यांकडे पाहिलं. "म्हंजे जायाला नको?" मास्तर म्हणाले, कशाला जायचं, ते पाण्यावर बसण्यासाठीच बनवलंय. धर्मा वाळूत उकिडवा बसला. त्याच्या मागे बाकीचे बसले. नारळ दिला नव्हता, आणि जायला नको म्हणणारं कुणी तरी शहाणं माणूस भेटलं होतं, याचं सगळ्यांना बरंच वाटलं असणार. मला तरी वाटलं.

विमानातून दोन माणसं निघून पंखावर आली, एक गोरा, एक आपल्यासारखा. त्यांनी हात हलवले.

मास्तरांनी पोरांना ओळीत उभं केलं. म्हणाले, पाहुणे नमस्कार करतायत, उत्तर द्या. साऱ्या शाळेने हात हलवले. बायकांनी पदर हलवले. मी माझी काळी टोपी काढली आणि डोक्यावर धरून हलवली, दोन्ही हातांनी. समोरून ती माणसं आणखी जोरात हात हलवू लागली, आणि आम्हीही जोरात हलवू लागलो. आम्ही हसत होतो. त्या टोपीची मला आजही लाज वाटते. पुढे मी कधी काळी टोपी घातली नाही. लोक विचारतात तेव्हा डोकं दुखतं म्हणून सांगतो.

विमान एका अंगाला कललं. मास्तर म्हणाले, वळतंय, वाऱ्याकडे तोंड करतंय. आणखी कललं. मास्तर समजावत होते की या होड्या आतून पोकळ असतात, म्हणून हे कधीच... आणि तिथे त्या गोऱ्या माणसाने अंगातला शर्ट काढला आणि तो फडकवू लागला. मास्तरांचं वाक्य अर्धंच राहिलं. नमस्कार करायला कुणी अंगातले कपडे काढत नाही, हे आमच्या सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं. पोरांचे हात हवेतच थांबले.

"धर्मा," मास्तर म्हणाले, "होडी." आवाज त्यांचा वाटत नव्हता.

पण होडी काय लगेच निघते? झावळ्या उपसल्या, माळ्यांवरून वल्ही काढली, वाळलेली होडी पुळणीवरून ओढताना हलेना. सगळे लागले, बायका लागल्या, मी लागलो. मास्तर सायकल सोडून पहिल्यांदा कशाला तरी खांदा देत होते. पाणी गुडघ्याला लागलं तसे ते थांबले आणि होडी पुढे गेली. धर्माच्या बायकोने घरातला नारळ आणून लाटेत टाकला आणि हात जोडले. पौर्णिमेआधीच दिलेला तो एकच नारळ मी पाहिला.

होडी पोचेपर्यंत विमान उलटलं होतं. गोरा साहेब उलटलेल्या विमानाच्या एका होडीवर पोट टेकून पडलेला मिळाला. दुसरा माणूस मिळाला नाही. तो मुंबईचाच कुणी ख्रिस्ती तरुण होता, विमानाचा मिस्त्री. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेवदंड्याच्या बाजूला लागलं.

साहेबाला शाळेतच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अलिबागहून अंमलदार आले, गाव जमलं. साहेबाला गावाशी बोलायचं होतं आणि नीट इंग्रजी येणारे एकटे मास्तर होते. तो घोंगडी पांघरून खुर्चीत बसला होता, नेमका त्या चित्राखाली. तो थोडं बोले, थांबे, आणि मास्तर मराठीत सांगत. तेलाची नळी फुटली, इंजिन जाम झालं, उतरताना लाटेवर आपटून एका होडीला चीर गेली, विमान उलटलं तेव्हा मिस्त्री पंखाखाली सापडला. इथवर मास्तर रोजच्या आवाजात, वर्गात सांगावं तसं सांगत होते.

मग साहेब हसला आणि समोर बसलेल्या पोरांकडे बघून बराच वेळ बोलला. मास्तरांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. अंमलदारांनी विचारलं, काय म्हणतात? मला इंग्रजी मोडकंतोडकं येत होतं, मला कळलं होतं. मला वाटलं, मास्तर दुसरंच काही तरी सांगून वेळ मारून नेतील. मी असतो तर तेच केलं असतं.

"साहेब म्हणतात," मास्तरांनी सुरुवात केली, "की मिस्त्री चांगला पोहणारा होता. तो लगेच उडी टाकणार होता. पण इतक्यात पोरांनी हात हलवले. तेव्हा साहेबांनीच त्याला धरून ठेवलं. म्हणाले, त्यांनी आपल्याला पाहिलंय, आता होड्या येतील, थांब." मास्तर पोरांकडे वळले. "त्या हात हलवण्याने धीर आला, असं म्हणतात. त्याबद्दल पोरांचे आभार मानतात."

धर्मा जमिनीकडे बघत होता. पोरं माझ्याकडे बघत होती.

मग मास्तर साहेबाकडे वळले आणि आपणहून इंग्रजीत बोलले. पोरांना हात हलवायला मी सांगितलं. होड्या मी थांबवल्या. तुम्ही मजेत बसला आहात असं मी सगळ्यांना समजावलं. इतकंच, तीन वाक्यांत, उभ्याने. साहेब ऐकत राहिला. त्याचं हसू हळूहळू गेलं. घोंगडी खांद्यावर ओढून घेतली आणि दाराबाहेर समुद्राकडे तोंड फिरवून बसला.

अंमलदार भला माणूस. मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाला, यंत्र बिघडलं, मास्तर, तुमचा त्यात काय संबंध?

"नळी फुटली म्हणून ते खाली आलं," मास्तर म्हणाले. "तो पोरगा नळीने नाही मेला."

त्या वेळी मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं की हात आम्हीही हलवले. धर्माने म्हणायला हवं होतं की आम्हालाही जायचं नव्हतं. कुणीच म्हणालं नाही. सगळ्यांना मिळून आलेली लाज आम्ही त्या एकट्या माणसावर सोडली आणि आपापल्या घरी जेवायला गेलो.

भिंतीवरची चित्रं मास्तरांनी स्वतःच ओली करून काढली. खळीचे डाग तेवढे राहिले. सायकल वाडीत पडून गंजली. स्टो बिघडला तर मी दुरुस्त करू लागलो, ते जवळ येईनात. "आधी समजून घ्या" हे वाक्य पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पोरं गणित घेऊन आली तरी म्हणत, आधी कर, चुकलं तर बघू.

आणि एक नवं खूळ सुरू झालं. समुद्रावरून कुणीही हात हलवला की मास्तर धावत सुटत. वर्ग टाकून, जेवण टाकून. धर्माला गाठून म्हणत, "जा. काय हवंय बघून ये." मासेमारीहून परतणारे गडी बायकोपोरांना हात करतात, त्यात हवंय काय असणार! पण मास्तरांना ते पटत नसे. "विचारून ये," एवढंच म्हणत. गावातल्या टारगट पोरांना हे आयतंच सापडलं. मुद्दाम होडीतून सदरा काढून फडकवायचा आणि मास्तर धोतराचा सोगा धरून पुळणीवरून कसे पळतात ते बघायचं. एकदा मीही त्या हसण्यात होतो. मास्तर माझ्या समोरून धापा टाकत गेले, आणि मी हसू आवरायलाही विसरलो होतो.

धर्मा तांडेल मात्र कधी नाही म्हणाला नाही. टारगटपणा आहे हे त्याला लांबूनच कळे. तरी उठायचा, होडी लोटायचा, जाऊन विचारून यायचा आणि मास्तरांना सांगायचा, "काय न्हाय, मास्तर. खुशाल हायेत." एकदा मी त्याला म्हटलं, कशाला उगीच जातोस? तो जाळं नीट करत होता, वर न बघता म्हणाला, "त्या दिशी मी बसलो व्हतो ना."

पुढे माझी बदली हरिहरेश्वराच्या बाजूला झाली. सामान फार, म्हणून गावाच्या खाडीतून श्रीवर्धनला जाणाऱ्या मचव्याने निघालो. सकाळी घरीच मास्तरांच्या पाया पडलो. किनाऱ्यावर येणार नाही म्हणाले. मलाही ते बरं वाटलं. मचवा खाडीबाहेर पडला, पण वारा नव्हता. शीड लोंबत होतं. किनाऱ्यावर शाळेची पोरं जमली होती, तिथल्या वाडीतलं आमचं घर दिसत होतं. इतकी वर्षं राहिलो होतो. मी हात वर करून हलवला.

खरंच सांगतो, माझ्या ध्यानात नव्हतं.

पोरांनी हात हलवले नाहीत. त्या शाळेतली पोरं हात हलवत नसत. ती नुसती उभी होती, आणि मग बाजूला सरली, कारण त्यांच्यामधून एक होडी पाण्यात येत होती. वल्ह्यावर धर्मा होता. मधे कुणी तरी दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरून बसलं होतं. जवळ येईपर्यंत मला खरं वाटेना. मास्तर होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं, सदऱ्यावर उलटीचा डाग होता, आणि दोन गुडघ्यांमधे पाण्याचा तांब्या धरलेला होता.

मचव्यातल्या लोकांना मास्तरांचं खूळ ठाऊक होतं. कुणी तरी खुसखुसलं. होडी मचव्याला लागली. मास्तरांनी मान वर केली. मला ओळखलं होतं, तरी कुणालाही विचारावं तसंच विचारलं.

"काय हवंय?"

काही नको, मास्तर, निरोप घेत होतो, असं म्हणणं सगळ्यात खरं होतं. त्यांच्या मागून धर्मा माझ्याकडे बघत होता. डोलकाठीला मचव्याचा भरलेला माठ बांधलेला होता, तो सगळ्यांना दिसत होता.

"तहान लागली होती," मी म्हटलं. "पाणी हवं होतं."

मास्तरांनी एक हात कडेवरून सोडला, मग दुसरा. होडी हलली तसे डोळे मिटून घेतले, पण तांब्या दोन्ही हातांनी वर धरला. मी वाकून तो घेतला आणि तिथेच उभ्याने सगळं पाणी प्यायलो. तहान मुळीच नव्हती.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"नको. पुरलं."

त्यांनी तांब्या घेतला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा कडा घट्ट धरल्या. धर्माने होडी वळवली. मास्तर त्याला सांगत होते ते मला ऐकू आलं.

"बघ, पाणी हवं होतं त्याला."

"व्हय, मास्तर," धर्मा म्हणाला.

होडी पुळणीला लागून मास्तर उतरेपर्यंत मी दोन्ही हात खाली धरून उभा राहिलो.